शपथेवरचा दुभाष्या

परवा एक विद्वान गृहस्थ आमच्या दप्तरखान्यात आले. अंगात काळा मखमली कोट, नाकाला लवंगा बांधलेला रुमाल. रुमाल लागतोच. डब्लिनच्या किल्ल्यातल्या या बुरुजात वर कबुतरं राहतात, खाली उंदीर राहतात आणि मधल्या मजल्यांवर राजाचे कागद. मी तीस वर्षं इथे कारकून आहे, मला आता वास येत नाही. माझ्या अंगाला येतो, असं बायको म्हणते.

गृहस्थ आयर्लंडच्या गेल्या पन्नास वर्षांतल्या राजकारणाचा इतिहास लिहिताहेत. मला म्हणाले, "मला आयरिश लोकांच्या पोथ्या नकोत, वोगन. त्यात नुसते भाट आणि वंशावळी. प्रत्येक जण आपल्या आज्याला राजा करतो. मला सरकारी कागद द्या. सरकारी कागदाला नातेवाईक नसतात."

मी एक गठ्ठा काढून दिला. वरची कबुतरांची घाण बाहीनं पुसली. शॅनन नदीच्या वरच्या अंगाला, राजा जेम्सच्या काळात झालेल्या एका जमीन-चौकशीचं चर्मपत्र त्यात होतं. गृहस्थांनी ते उलगडलं, आणि वाचता वाचता त्यांचा चेहरा असा खुलला की जणू ताटात हरणाचं मांस आलं.

"हे बघा! बारा स्थानिक पंच. सगळे आयरिश. शपथेवर सांगताहेत की सरदार रोरी मॅक गिल्रू बंडात मेला त्या दिवशी डोंगराच्या धारेपासून तळ्यापर्यंत सगळी जमीन त्याची होती. सगळी! म्हणजे बाकीच्यांचं तिथे काहीच नव्हतं, सगळे त्याच्या मर्जीवर राहणारी कुळं. आणि लोक ओरडतात की सरकारनं आमचं घेतलं. यांचं होतं काय घ्यायला?"

"होय साहेब," मी म्हणालो.

त्यांनी तो उतारा सुबक अक्षरात उतरवून घेतला. आता तो छापला जाईल, मग दुसरा विद्वान तो पहिल्याच्या पुस्तकातून उचलेल, आणि शंभर वर्षांनी कुणीतरी टेबलावर मूठ आपटून सांगेल की पुरावा आहे. चर्मपत्रावरचं अक्षर माझं आहे. आणि त्याच चर्मपत्रात मध्ये कुठेतरी दोन शब्द आहेत: 'शपथबद्ध दुभाष्याकरवी'. ते दोन शब्द म्हणजे कार्ब्री. गृहस्थांची नजर त्यावरून सरकन निघून गेली. कार्ब्रीबद्दल दुसरं कुणी काही लिहिणार नाही, म्हणून मी लिहितो आहे.

कार्ब्री मॅक अव्रेहन हा ब्रेहन होता, म्हणजे आयरिश रीतीनं निवाडे करणारा. त्याचं घराणंच ते. बाप ब्रेहन, आजा ब्रेहन, आडनावाचा अर्थच न्यायाधीशाचा पोर. किल्ब्रॅक नावाच्या वाडीत त्यांचं पिढीजात वतन होतं. निवाडे करायचे आणि पोरांना कायदा शिकवायचा म्हणून मिळालेलं, कुणालाही शिधा द्यावा न लागणारं. दगडी घर, मागे ओटचं शेत, पुढे मधमाश्यांच्या पेट्या आणि घरात कायद्याच्या पोथ्या. पोथ्यांना धुराचा वास आणि धुराला पोथ्यांचा.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो पन्नाशीचा असेल. उंच, वाकलेला, थंडीत नाकाला सदा थेंब. माणूस अतिशय कंटाळवाणा. खोटं सांगत नाही, त्याच्याबरोबर अर्धा तास बसलात तर जांभया देऊन जबडा दुखेल. कारण त्याला कुठलीही गोष्ट थोडीशी सांगता यायची नाही, आणि थोडीशी जास्तही सांगता यायची नाही. एकाच्या मधमाशीनं शेजाऱ्याच्या डोळ्याला डंख केला, डोळा गेला. असे खटले त्याच्यापुढे यायचे. साक्षीदार म्हणाला, "माशी बहुतेक त्याच्याच पेटीतली होती." निवाड्यात कार्ब्रीनं तो 'बहुतेक' चार वेळा उच्चारला. फिर्यादी वैतागून म्हणाला, "ब्रेहन, तो बहुतेक गिळा की एकदाचा!" कार्ब्री म्हणाला, "तो माझ्या तोंडातला नाही, त्याच्या तोंडातला आहे. मी कसा गिळू?" गावात त्याची टवाळी चाले. सकाळ झाली का असं कार्ब्रीला विचारलं तर तो म्हणेल, उजेड पडला आहे एवढं मी सांगू शकतो. पण भांडण झालं की सगळे जायचे त्याच्याचकडे. ज्यांच्या विरुद्ध निवाडा गेला तेही पुढच्या भांडणाला पुन्हा त्याच्याकडे.

मग राजाची चौकशी आली. वीस वर्षांपूर्वी बंडात मेलेल्या रोरी मॅक गिल्रूची जमीन नेमकी कुठली, एवढंच शोधायचं होतं. बंडखोराची जमीन सरकारजमा होते. रोरीची स्वतःची असेल तेवढी सरकारनं घ्यावी, इतरांची इतरांना राहावी, असा कायदा. ऐकायला किती साधा. अधिकारी सर एडमंड पेल्म, कारकून मी, आणि दोन्ही भाषा येणारा म्हणून दुभाष्या कार्ब्री. त्याला बायबलवर शपथ दिली: पंच बोलतील तेच सांगेन, त्यात घालणार नाही, त्यातून काढणार नाही. शपथ घेताना त्याच्या तोंडावर समाधान होतं. इंग्रजांचा हा एक नियम तरी त्याच्या घरातल्यासारखा होता.

चौकशी बसली छप्पर उडालेल्या मठात. आत गुरं बांधायचे, ती हाकलून बाहेर काढली होती, पण जाताना त्यांनी जे ठेवायचं ते ठेवलं होतं. पेल्मसाहेबाच्या बुटाखाली फळ्या टाकल्या, माझ्या बुटाखाली काही नाही. बारा पंच लांब घोंगड्या पांघरून उभे. आणि पडक्या भिंतीशी ओ गॉर्वन कुळातले पंधरा-वीस जण मजा बघायला. ओ गॉर्वन म्हणजे मॅक गिल्रूंचे सात पिढ्यांचे वैरी. गुरं पळवण्यापासून मुली पळवण्यापर्यंत सगळं झालेलं.

पेल्मसाहेबानं विचारलं, "मेला त्या दिवशी रोरीची जमीन किती होती?"

आता खरं उत्तर असं होतं: एक गढी, तिच्याभोवतीची शेतं, बस्स. बाकी जमीन घराघराची, प्रत्येकाचा हिस्सा वेगळा. रोरीला सरदार म्हणून त्यातून लोणी, पीठ, हिवाळ्यात मांस मिळायचं. शिधा त्याचा, जमीन त्याची नव्हे. पण त्या मुलखात रीत आहे, पोरासोरांनाही ठाऊक असलेली. मेलेल्या सरदाराचं नाव चारचौघांत निघालं तर त्याचा मुलूख कमी करून सांगायचा नाही. आपल्यात आपण काय ते मोजा. पण परक्यापुढे, आणि त्यातून वैऱ्यापुढे, त्याला लहान करणं म्हणजे त्याच्या थडग्यावर थुंकणं.

पंचांचा म्होरक्या एव्हर मॅक गिल्रू, एका कानानं ठार बहिरा, चांगल्या कानानं भिंतीकडचं हसणं ऐकत होता. ओ गॉर्वनांतला एक जण मुद्दाम मोठ्यानं म्हणाला, "सांग रे एव्हर, कोंबडीखुराड्याएवढी होती म्हणून."

एव्हरनं छाती काढली. "डोंगराच्या धारेपासून तळ्यापर्यंत!" तो गरजला. "जिथे पाऊस पडतो तिथपर्यंत सगळं रोरीचं. गवताची काडी दुसऱ्या कुणाची नव्हती!"

"काडी नव्हती!" बाकीचे अकरा ओरडले. ओ गॉर्वनांची तोंडं पडली. मॅक गिल्रूंना गेल्या कित्येक वर्षांत एवढं बरं वाटलं नसेल.

कार्ब्री पांढरा पडला. त्यानं पेल्मसाहेबाला विचारलं, "महाराज, मी पंचांना एक प्रश्न विचारू?"

"तू दुभाष्या आहेस. प्रश्न मी विचारतो. काय म्हणाले ते सांग."

कार्ब्रीनं नाकाचा थेंब पुसला नाही. मग त्यानं इंग्रजीत सांगितलं, शब्दाला शब्द. डोंगराची धार, तळं, पाऊस, गवताची काडी. काही घातलं नाही, काही काढलं नाही. मी लिहिलं. पावसाला सरकारी भाषेत जागा नाही, म्हणून तेवढा गाळला.

बाहेर आल्यावर एव्हरनं कार्ब्रीच्या पाठीत थाप मारली. "काय ऐकवलं भडव्यांना! तोंड बघितलंस त्यांचं?"

कार्ब्री म्हणाला, "एव्हर, तुझं घर कुठे आहे रे?"

"म्हणजे? तळ्याकाठी."

"म्हणजे रोरीच्या जमिनीत. बंडखोराच्या. आत्ताच सांगितलंस, शपथेवर."

एव्हर बघतच राहिला. "अरे ब्रेहन, ते तर बोलायचं म्हणून बोललो! असं बोलतातच की! इंग्रजांनाही कळतं."

"त्यांना एवढंच कळतं," कार्ब्री म्हणाला आणि माझ्या हातातल्या सुरळीकडे बोट दाखवलं.

"मग तू तरी सांगायचं होतंस!" दुसरा एक पंच खेकसला. "तुला अक्कल होती ना? थोडं इकडचं तिकडे करायचं!"

बारा जणांनी मिळून आपलंच घर पेटवलं आणि आता पाणी का नाही ओतलंस म्हणून यालाच विचारत होते. मला त्या बाराही जणांची किळस आली, अजून येते. पेल्मसाहेब मात्र खूश होता. मटण चावत मला म्हणाला, "किती सोपं झालं, वोगन! मी तर आठवडा धरून चाललो होतो."

चर्मपत्राला शिक्का लागला, ते बुरुजात आलं, आणि त्या एका ओळीच्या बळावर अख्खा मुलूख सरकारजमा झाला. कार्ब्रीचं वतनही त्यातच, कारण किल्ब्रॅक डोंगर आणि तळं यांच्या मधेच येतं. सरकारनं सगळं कॅप्टन प्रॉक्टर नावाच्या गड्याला सनदेनं दिलं. त्याची कमाई एवढीच की कुठल्याशा लढाईत त्याचा एक अंगठा गेला होता. पहिली नऊ वर्षं तो आलाच नाही, लोक आपापल्या घरात कुळं म्हणून राहिले. दहाव्या वर्षी तो आला, हिरवळ बघितली, आणि मेंढ्या ठेवायचं ठरवलं. मे महिन्याच्या पहिल्या तारखेपर्यंत सगळ्यांनी घरं रिकामी करायची.

त्या मार्चात कार्ब्री डब्लिनला आला. बरोबर भावाची मुलगी गोर्मला. नवरा मेलेला, तीन पोरं पदरात, काकाचं घर तीच चालवायची. दोघं पाच दिवस चालत आली होती. शहरात तेव्हा जमिनीच्या तक्रारी ऐकायला एक नवा आयुक्त बसला होता, हॉलिस नावाचा. किल्ब्रॅक वाचवायचं तर त्याच्यापुढे काहीतरी न्यायला हवं होतं. कार्ब्रीनं आपली पोथी आणली होती. आठ पिढ्यांचे हिस्से तीत मांडलेले, कुणाचं शेत कुठे सुरू होतं आणि कुठल्या दगडाशी संपतं.

हॉलिसच्या माणसानं पोथी उघडलीही नाही. "ही तुमच्या घरची. तुमच्या घरच्या पोथीत घर तुमचंच असणार. सरकारी दप्तर काय म्हणतं?"

म्हणून दोघं माझ्याकडे आली. मी चर्मपत्र काढून दिलं. कार्ब्रीनं ते खिडकीशी नेऊन वाचलं. मग पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा बोट ठेवून ठेवून वाचलं. माझी चूक शोधत होता. एखादा आकडा, एखादं नाव, काहीही. मला वाटतं मीही मनातल्या मनात सापडू दे म्हणत होतो.

"काही नाही," तो शेवटी म्हणाला. "पाऊस तेवढा गाळलाय. बाकी सगळं मी बोललो तसंच आहे."

"मग आता काय, काका?" गोर्मलानं विचारलं.

इथे मी माझी अक्कल पाजळली. कुणी विचारलं नव्हतं. पण कायदा येतो हे दाखवायची कारकुनाला खाज असते, आणि समोर एक बाई होती. मी म्हणालो, "दप्तरातल्या कागदाविरुद्ध जिवंत माणसाचं काही चालत नाही, बाई. तुम्ही शंभर साक्षीदार आणा. कागद पडायला एकच वाट असते. तो करतानाच शपथ मोडली होती असं निघालं पाहिजे. समजा, दुभाष्यानंच उभं राहून सांगितलं की मी खोटं भाषांतर केलं. मग कागद रद्द, नवे पंच, नवी चौकशी. अर्थात दुभाष्याचे कान कापतात." आणि मी हसलो.

गोर्मला हसली नाही. ती काकाकडे बघत राहिली.

"मी खोटं भाषांतर केलं नाही," कार्ब्री म्हणाला.

"माहितीये, काका."

"मग?"

"नवे पंच बसले तर एव्हर आता खरं सांगेल. बाराही जण सांगतील, त्यांची हौस फिटलीये. सगळ्यांची घरं वाचतील. तुम्ही फक्त म्हणायचं."

"गोर्मला, ब्रेहननं खोटी साक्ष दिली तर त्या दिवसापासून त्याच्या निवाड्याला किंमत राहत नाही. मागच्या निवाड्यांनाही. बापानं हे मला पहिल्या दिवशी शिकवलं. अक्षरं नंतर."

"मागच्या निवाड्यांवर ओट उगवत नाही, काका!" ती ओरडली. माझ्या बुरुजात त्याआधी कुणी ओरडलं नव्हतं. "एव्हरनं फुशारकीसाठी एवढं मोठं खोटं सांगितलं, ते तुम्ही जसंच्या तसं पुढे दिलंत. तेव्हा नाही तुमचं तोंड विटाळलं? आता पोरांच्या डोक्यावरच्या छपरासाठी एक सांगा म्हटलं तर बाप आठवतो?"

पोथी घोंगडीत गुंडाळून कार्ब्री जिना उतरला. मी चर्मपत्र परत गठ्ठ्यात घातलं आणि जेवायला गेलो. माझ्या मते विषय संपला होता.

चौथ्या दिवशी मी हॉलिससाहेबाच्या कचेरीत नोंदी लिहायला बसलो होतो. पुकारा झाला आणि कार्ब्री पुढे आला. दाढी केलेली. त्यानं बायबलवर हात ठेवला आणि तोंड उघडलं. खोटं बोलायची सवय नसलेला माणूस खोटं बोलतो तेव्हा बघवत नाही. प्रत्येक शब्द तो आधी जोखत होता.

"पंच म्हणाले होते: रोरीला डोंगरापासून तळ्यापर्यंत शिधा मिळे. मी साहेबांना सांगितलं: जमीन त्याची होती. शिधा हा शब्द मी काढला. जमीन हा शब्द मी घातला."

हॉलिस वाईट माणूस नव्हता. त्यानं पुढे वाकून विचारलं, "का केलंस असं?"

"कारण माहीत नाही," कार्ब्री म्हणाला.

"कान जातील. ठाऊक आहे?"

"ठाऊक आहे."

हॉलिसनं सुस्कारा टाकला. मला अजून वाटतं की तो विश्वास ठेवायच्या बेतात होता. मग त्याची नजर चर्मपत्राच्या तळाशी गेली, सहीवर, आणि तिथून माझ्यावर. "वोगन, हा कागद तूच लिहिलास. तुला यांची भाषा येते ना?"

"आयरिश दाईच्या दुधाबरोबर आली, साहेब."

"म्हणजे पंच काय बोलले ते तुझ्या कानांनी ऐकलंस. हा म्हणतो ते खरं आहे का?"

कार्ब्रीनं माझ्याकडे पाहिलं. विनवणी नव्हती त्याच्या डोळ्यांत. वाट सांगणारा मीच होतो, तेव्हा मी तिच्यात आडवा येईन असं त्याला सुचलंच नसावं. मला काय सुचलं तेही सांगतो. होय म्हणालो, तर मग दुभाष्या खोटं बोलत असताना शेजारी बसून मी मुकाट लिहिलं, असं होईल. मग माझेही कान. निदान नोकरी तरी. दुसरं काहीही त्या वेळी माझ्या डोक्यात नव्हतं, सत्य तर मुळीच नाही.

"नाही, साहेब," मी म्हणालो. "दुभाष्यानं तेव्हा शब्द न् शब्द बरोबर सांगितला होता. पंच म्हणाले, गवताची काडी दुसऱ्या कुणाची नव्हती. तो आज खोटं बोलतो आहे."

हॉलिसनं दया केली. कान राहू दिले, एक दिवस बाजारात खोड्यात घालायची शिक्षा दिली. मग त्यानं मला नोंद सांगितली: सदर दुभाष्या शपथेवर खोटं बोलणारा, विश्वासाला अपात्र. सदर दुभाष्याचं भाषांतर अचूक व ग्राह्य, कागद कायम. दोन्ही वाक्यं मी एकाखाली एक, एका दमात लिहिली. कचेरीत कुणालाही त्यात काही वावगं दिसलं नाही.

मे महिन्यात घरं रिकामी झाली. बहुतेकांनी तळ्यापलीकडच्या दलदलीत गवताच्या झोपड्या घातल्या. कार्ब्रीनंही. मला वाटलं होतं, निदान तिथे तरी लोक त्याला डोक्यावर घेतील. त्यांच्याच घरांसाठी बाजारात दिवसभर कुजक्या अंड्यांचा मारा खाल्ला होता ना त्यानं! पण नाही. बातमी आधीच पोचली होती, की ब्रेहन शपथेवर खोटं बोलला आणि पकडला गेला. एव्हर, तो फुशारक्या, चारचौघांत म्हणाला, "रोरीची जमीन रोरीची नव्हती म्हणाला! मेलेल्या सरदाराला लहान केलंन् इंग्रजासमोर! असल्याचा निवाडा कोण मानणार?" आणि कुणीच मानला नाही. गुरं दुसऱ्याच्या गवतात शिरली, कुणाच्या माशीनं कुणाला डंख केला, की लोक प्रॉक्टरच्या कारभाऱ्याकडे जाऊ लागले. तो मोडक्या आयरिशमध्ये शिव्या घालायचा आणि दोघांकडून कोंबड्या घ्यायचा. ते त्यांना चाललं. जुने निवाडेही उकरून काढले. कार्ब्रीनं वीस वर्षांपूर्वी दिलेली कुंपणं रातोरात हलली.

त्याचं पोरांना कायदा शिकवणं बंद पडलं ते पडलंच. दोन हिवाळे तो त्या झोपडीत होता. दुसऱ्या हिवाळ्यात छाती भरून गेला.

मला हे सगळं कळलं, कारण त्यानंतरच्या वसंतात सरकारनं मला तिकडेच धाडलं. दलदलीतल्या झोपड्या मोजून यादी करायची होती. कुणाची झोपडी, किती माणसं, किती गुरं. अकराव्या झोपडीशी गोर्मला उभी होती. तिनं मला ओळखलं. मी घोड्यावरून उतरलो, कारण उतरावं लागलं. दारात आलेल्याला त्या मुलखात उपाशी पाठवत नाहीत, तो कोण आहे हे नंतर. तिनं ओटची भाकरी दिली, वर लोण्याचा गोळा, लाकडी वाडग्यात आंबट दूध. पोरं तिच्या मागे उभी राहून त्या लोण्याकडे बघत होती. मी खायला लागलो.

मी म्हणालो, "बाई, मी खरं तेच सांगितलं. तुमचे काका त्या दिवशी खोटं बोलत होते."

"ते तुला कसं कळलं?" तिनं विचारलं. आवाजात राग नव्हता. खरंच विचारत असल्यासारखी.

"कसं म्हणजे? मी चौकशीला होतो. पंचांच्या पुढ्यात बसलो होतो. मला भाषा येते, रीत कळते. दाई तुमच्यातलीच होती माझी."

"हो ना," ती म्हणाली. "मग एव्हर छाती काढून गवताच्या काड्या मोजत होता, तेव्हाही तू तिथेच होतास. तेव्हाही भाषा येत होती, रीत कळत होती. काका शपथेनं बांधलेले होते, जास्तीचं बोलायचं नाही अशी शपथ होती त्यांना. तुला कुणी शपथ घातली होती?"

मला कुणी शपथ घातली नव्हती. कारकुनाला घालत नाहीत.

तिनं माझा वाडगा पुन्हा भरला. मी तोंडातला घास गिळला, यादीत अकरावी झोपडी लिहिली, बाई एक, पोरं तीन, गुरं नाहीत, आणि बाराव्या झोपडीकडे गेलो.